पवनीस जाण्यापूर्वी

(कारधा येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



आपण मुलाबाळांसह पवनी पाहावयास जाणार आहात. कारध्याच्या पुलाखालील वैनगंगा पुढे पवनीसच जाते, तेव्हा हे गाव आपणांस परके नव्हे. परंतु काही भगिनींनी एक प्रश्न केला आहे. पवनी हे देवळांचे व घाटांचे गाव. तेथे मशिदीही आहेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने देवळाच्या आवारात पाऊल टाकावे काय?

माझ्या मते खुशाल टाकावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञा देवपूजेस व श्राद्धपिंडास मनाई करतात, पाहण्यास नव्हे. कोरीव काम पाहावे, तट पाहावा, पुजाऱ्याशी वा मौलवीशी सभ्यपणे बोलावे. मात्र हात जोडू नयेत, नारळ फोडू नये, अंगारा घेऊ नये. कोणी आग्रह केला तर ‘आम्ही बौद्ध आहोत’ एवढे शांतपणे सांगणे पुरे. दुसऱ्याच्या भक्तीची टवाळी करणे हे काही बौद्धत्वाचे लक्षण नव्हे. परपंथाची निंदा करणारा आपल्याच पंथाची हानी करतो, हे अशोकाने गिरनारच्या बाराव्या शिलालेखात बजावून ठेवले आहे.

घाटावर संकोच नको. संविधानाच्या १५ व्या कलमात विहिरी व तलावांबरोबर स्नानाचे घाटही नाव घेऊन सांगितले आहेत. सरकारी खर्चाने राखलेल्या किंवा जनतेसाठी सोडलेल्या घाटावर जातीच्या वा धर्माच्या कारणाने कोणास अडविता येत नाही. १९२७ साली महाडास व १९३० साली नाशिकच्या काळारामापुढे आपली माणसे उभी राहिली, ती देवाच्या लोभाने नव्हे, माणुसकीच्या हक्कासाठी.

आता मुख्य गोष्ट. जगन्नाथ टेकडीवर आज देऊळ दिसते. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खाते यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा टेकडीच्या पोटात विटांचा प्राचीन स्तूप निघाला. त्याच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे आहेत. स्तूप एकट्या राजाने उभारला नाही, श्रद्धावान माणसांनी आपल्या कमाईतून हातभार लावला, असे ते लेख सांगतात. विहारासाठी चार आणे देताना ज्यांना कमीपणा वाटतो, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. तेथेच मुचलिंद नागाचे शिल्प, त्याच्या नावासह, मिळाले. वादळी पावसात आपल्या फणांनी बुद्धांवर छत्र धरणारा तो मुचलिंद. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी नागलोकांनी धम्म पसरविल्याचे सांगितले होते; त्याची आठवण येथे सहज होते.

मुले विचारतील, बुद्धाची मूर्ती कोठे आहे? सांगा की, त्या काळी मूर्ती घडवीत नसत; बोधिवृक्ष, चक्र, रिकामे आसन एवढ्यावर भागे.

स्तूपावर देऊळ पाहून आमच्या तरुणांचा संताप होईल. तो मला समजतो. पण तेथे दर्शनास आलेल्या गरीब बाईशी वाद घालून काय साधणार? अर्ज करावा, जागेची निगा व माहितीचा फलक मागावा, उत्तर न आल्यास पुन्हा अर्ज करावा.

मला अधिक भीती आपलीच वाटते. देव्हाऱ्यातले देव काढले, पण मुलगा व्हावा म्हणून स्तूपाला नवस बोलणारी माणसे मी पाहिली आहेत. कोणी ‘आशीर्वाद’ म्हणून वीट उचलून आणतो. वीट उचलणे ही चोरी आहे, आणि पंचशीलातील दुसरे शील प्रत्येकास पाठ आहे. वंदना करावी, त्रिशरण म्हणावे. मागणे मागू नये. बुद्धांनी कोणास मोक्षाचे वचन दिले नाही, मार्ग दाखविला.

प्रत्येक मुलाच्या हाती वही-पेन्सिल द्या. ब्राह्मी अक्षरांची एखादी ओळ त्यांनी उतरवून आणावी, आणि पुढील पौर्णिमेस ती विहारात सर्वांना दाखवावी.