कृष्णाकाठी आपले स्वागत



राष्ट्राराष्ट्रांतील युती आणि सहकार्य या विषयावरचे अधिवेशन वाईत भरते आहे, याचा आम्हाला मनापासून अभिमान वाटतो. घाट आणि ढोल्या गणपती आपण पाहालच. मला सांगायचे आहे ते प्राज्ञपाठशाळेविषयी. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी ती वाढवली. विनोबा येथे अध्ययनाला राहिले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी येथेच घडले आणि त्यांच्यामुळेच मराठी विश्वकोशाचे काम पुण्या-मुंबईऐवजी आमच्या गावात उभे राहिले. पाठशाळेच्या धर्मकोशात राजनीतिकांड आहे. संधी, विग्रह, मित्र, मंडल यांवरची प्राचीन वचने त्यात निगुतीने संकलित केली आहेत. अभ्यासकांनी ते खंड जरूर चाळावेत.

नाना फडणवीसांचा वाडा असलेली मेणवलीही जवळच. 1780 मध्ये नानांनी इंग्रजांविरुद्ध हैदरअली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एकत्र आणले. हैदर पेशव्यांचा जुना वैरी. कृष्णेपर्यंतचा मुलूख त्याच्याकडे राहू देऊन नानांनी त्याला जोडून घेतले. गुंटूर इंग्रजांनी घेतल्याने निजाम त्यांच्यावर चिडलेला होताच. प्रत्येकाचे दुखणे ओळखून, वकिलांच्या पत्रांतून हे जाळे विणले गेले. पुढे इंग्रजांचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याने गुंटूर परत देऊन निजामाला आणि पैसा देऊन भोसल्यांना बाजूला काढले. हैदर मात्र लढत राहिला. 1782 साली महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला, तरी हैदर वारल्यानंतरच नानांनी त्यावर मान्यतेची मोहर उठवली. हैदरला दिलेल्या शब्दाची एवढी बूज राखणारा मुत्सद्दी आमच्या शेजारचा, हे सांगताना ऊर भरून येतो.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत. प्रतिनिधींची संख्या अपेक्षेपेक्षा वाढल्याने काहींची सोय घरोघरी करावी लागली, काल रात्री पाण्याचाही खोळंबा झाला. त्याबद्दल मी हात जोडून क्षमा मागतो. मंगल कार्यालय विनामूल्य देणारे मालक, धान्य आणि गूळ पाठवणारे शेतकरी, भांडी देणारी गणेश मंडळे, वर्गणी गोळा करणारे व्यापारी, पोळ्या लाटणाऱ्या बचत गटाच्या भगिनी आणि पहाटेपासून एसटी स्टँडवर उभे असलेले विद्यार्थी, या सर्वांचे ऋण मोठे आहे. मेणवलीच्या गाड्या उद्या सकाळी 7 वाजता निघतील. चहा-नाश्ता तेथेच आहे.

समस्त वाईकरांच्या वतीने मी आपले स्वागत करतो आणि अध्यक्ष महोदयांनी कामकाज सुरू करावे, अशी विनंती करतो.