सिग्नल लाल झालाच नाही तर?

(गणेशोत्सवातील व्याख्यान)



कार्यकर्त्यांनी व्याख्यानासाठी माझे नाव काढले तेव्हा मी म्हणालो, "अहो, मी सिग्नल खात्यातला डिप्लोमावाला, मला कुठले भाषण जमणार!" पण विषय संगणकाच्या जाळ्यातून होणाऱ्या दहशतवादाचा निघाला आणि मला नाही म्हणवेना.

आमच्या खात्याचे एक जुने तत्त्व आहे. तार तुटो, वीज जावो, रिले बिघडो, सिग्नलने लालच व्हायचे. गाडी थांबते, माणसे वाचतात. या भरवशावर मी वीस वर्षे निर्धास्त झोपलो. पण जाळ्यातून येणारा शत्रू यंत्र बिघडवतोच असे नाही. यंत्र ठणठणीत असते, फक्त हुकूम त्याचा पाळते. मग लाल दिवा लागणार कसा?

२००८ साली पोलंडच्या वूच शहरात चौदा वर्षांच्या मुलाने टीव्हीचा रिमोट बदलून ट्रामचे सांधे फिरवले. चार ट्राम रुळांवरून घसरल्या, बारा जण जखमी झाले. हा पोरखेळ होता. ठरवून केले तर काय होते, ते युक्रेनने पाहिले. २३ डिसेंबर २०१५ रोजी वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला आणि कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत एकेक उपकेंद्र बंद होत गेले. ऐन थंडीत सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. सुरुवात कशाने झाली होती? कित्येक महिने आधी कुणीतरी ई-मेलसोबत आलेली फाइल उघडली, त्याने!

आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे संगणक असेच ठप्प झाले आणि कित्येक दिवस नोंदी हाताने कराव्या लागल्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ एफनुसार सायबर दहशतवादाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पण कायदा येतो घटनेनंतर. दार उघडे ठेवतो तो आपल्यातलाच एखादा.

तो एखादा मीही झालो होतो, हे आज कबूल करतो. काही वर्षांपूर्वी गणपतीचे फोटो असलेला पेन ड्राइव्ह मी कचेरीच्या संगणकाला लावला. व्हायरस शिरला आणि दोन दिवस काम बंद पडले. तो संगणक सिग्नलला जोडलेला नव्हता, हे नशीब. साहेब रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सांध्याला कुलूप लावतोस, मग याला का नाही?" ते वाक्य अजून टोचते.

युक्रेनमध्ये वीज काही तासांतच परत आली, कारण माणसे गाड्या काढून उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी हाताने स्विच जोडले. ही हातची विद्या आपण विसरता कामा नये. आजही सिग्नल बंद पडला की स्टेशन मास्तर कागदी अधिकारपत्र देऊन गाडी पुढे काढतात. नव्या मुलांना ते शिकणे कंटाळवाणे वाटते. त्यांना माझी विनंती आहे, शिकून ठेवा.

आणि घरी? मुलांचे फोन नंबर वहीत लिहून ठेवा, थोडी रोकड जवळ असू द्या, अनोळखी फाइल उघडू नका, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून टेबलावर चिकटवू नका.

विघ्नहर्ता समोर बसला आहेच. पण पेन ड्राइव्ह आपल्या खिशात आहे, एवढे लक्षात ठेवू या.

गणपती बाप्पा मोरया!