उतरायची तारीख

दर्यावर्दी मित्रमैत्रिणींनो,

संमेलनाचा अध्यक्ष म्हणून मला नौवहनाच्या एकूण स्थितीचा आढावा घ्यायला सांगितले होते. टिपणेही काढली होती. पण काल दुपारी ठराव क्रमांक तीनवरची चर्चा ऐकली आणि टिपणे खोलीवरच ठेवून आलो. आढावा स्मरणिकेत छापून येईल.

ठराव असा आहे: विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डकडे नौदलाने जी पाच पुरवठा जहाजे बांधायला दिली आहेत, त्यांवर वर्दीतल्या नौसैनिकांऐवजी मर्चंट नेव्हीतली माणसे घ्यावीत. सुमारे ४४,००० टनांचे एकेक जहाज. आपल्या मुलांना नोकऱ्या मिळतील, नौदलाची माणसे लढाऊ जहाजांसाठी मोकळी होतील. ब्रिटन-अमेरिकेत असेच चालते, असा दाखला दिला गेला. दाखला खरा आहे, पण अर्धाच दिला.

उरलेला अर्धा ऐका. ब्रिटनची रॉयल फ्लीट ऑक्झिलरी १९०५ पासूनची. युद्धनौकांना भर समुद्रात तेल, दारूगोळा, शिधा पोचवणारी ही नागरी माणसे. नागरी म्हणून बॉम्ब काही त्यांना वगळत नाहीत. १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धात त्यांचे ‘सर गॅलहॅड’ पेटले तेव्हा सैनिकांबरोबर जहाजाचे कर्मचारीही गेले. त्याच संस्थेतल्या अधिकाऱ्यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये संप केला, पाठोपाठ खलाशांनी. ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ हे ताफ्याला दारूगोळा आणि सुटा माल पुरवणारे एकुलते एक जहाज, आणि ते माणसांअभावी धक्क्याला बांधून पडले. अमेरिकेत हेच काम करणाऱ्या मिलिटरी सीलिफ्ट कमांडने तर त्याच वर्षी १७ जहाजे बाजूला काढायचे ठरवले. जहाजे चालत होती, चालवायला माणसे नव्हती. त्याच सप्टेंबरात ओमानजवळ त्यांच्या ‘बिग हॉर्न’ या तेलजहाजाला अपघात झाला आणि ‘अब्राहम लिंकन’ या विमानवाहू नौकेच्या ताफ्याला तेल पाजायला दुसरे सरकारी जहाज जवळ नव्हते. अशी ही चणचण.

का झाली? काल तीन मते पडली. पहिले मत, पगार कमी. ब्रिटिश संघटनांचेही तेच म्हणणे, आणि २०१० नंतर महागाईने त्यांचा पगार किती खाल्ला हे पाहता ते खोटे म्हणता येत नाही. दुसरे मत आमच्या एका तरुण सेकंड ऑफिसरचे: जहाजावर इंटरनेट धड नसते. तिसरे माझ्या जुन्या मित्राचे: आजच्या पोरांत देशप्रेम उरले नाही. मित्राला मी काल रात्री जेवताना उत्तर दिले आहे, ते इथे सांगण्याजोगे नाही.

पगाराबद्दल मात्र माझ्या एका बोसनची, म्हणजे खलाशांच्या मुकादमाची, गोष्ट सांगतो. हर्णैकडचा माणूस, एका टँकरवर माझ्याबरोबर होता. करार संपला. सिंगापूरला उतरायचे ठरले, बॅग भरून केबिनच्या दाराशी ठेवली. त्याच्या जागी येणाऱ्या रिलीव्हरचा व्हिसा झाला नाही. फुजैराला नक्की, असे ऑफिसने कळवले. फुजैरा गेले, रिलीव्हर नाही. त्यानंतर त्याने बॅगेतले सामान पुन्हा कपाटात लावलेच नाही. रोज सकाळी बॅगेतून कपडे काढायचे, धुऊन पुन्हा बॅगेत. कामात कसूर नाही, पण माझ्याशी बोलणे तुटले, कारण त्या तारखा त्याला माझ्या तोंडून कळल्या होत्या. गणपती गेले, पोरीचा साखरपुडा गेला, मग उतरला. पुढल्या वर्षी कंपनीने पगार वाढवून बोलावले. मीही फोन केला. तो म्हणाला, “साहेब, पगार वाढवताय ते बरंच आहे. उतरायची तारीख लिहून देता काय?” मी ऑफिसला विचारले. ऑफिस म्हणाले, असे लिहून देता येत नाही. तो खाडीतल्या फेरीबोटीवर लागला, आमच्या पगाराच्या चतकोरावर, आणि परत आला नाही.

आता अमेरिकेचा हिशेब पाहा. त्या वेळी छापून आलेला आकडा असा, की जहाजावरच्या १०० जागांमागे त्यांच्याकडे साधारण १२७ माणसे. म्हणजे १०० जण पाण्यावर असताना घरी फक्त २७. चार महिने राबा, तेव्हा एक महिना घरचा. त्या २७ मधला एक आजारी पडला, एक कोर्समध्ये अडकला, की तुमचा रिलीव्हर गेला. भरतीच्या जाहिराती कितीही देखण्या काढा, या गणितात माणूस टिकत नाही. आणि तो गेला की उरलेल्यांचा रिलीव्हर आणखी लांबतो, मग तेही जातात. जागा भरली की ऑफिस सुटले; त्या जागेमागे घरी किती माणसे आहेत हे कोणी विचारत नाही. माझे हे म्हणणे जुने आहे. पूर्वी ते प्रश्नोत्तरांच्या वेळात मांडायचो आणि वेळ संपायची.

एक गोष्ट काल कोणीच काढली नाही. आपल्याला निदान २००६ चा मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन आहे. बारा महिने पुरे होण्याआधी घरी पाठवावेच लागते. कोविडमध्ये तोही कसा वाकवला ते पाहिले, जगभरात चार लाख दर्यावर्दी अडकले होते. पण कन्व्हेन्शन आहे तरी. त्याच कन्व्हेन्शनमध्ये स्पष्ट लिहिले आहे की युद्धनौका आणि नौदलाची साहाय्यक जहाजे यांना ते लागू नाही. मग त्या पाच जहाजांवर आपली मुले कोणत्या नियमावर उतरणार? कमांडिंग ऑफिसरच्या मर्जीवर? कायम नौसैनिकाला बदली आहे, क्वार्टर आहे, पेन्शन आहे. तुमच्या मुलाला हातात एक करार.

मी ठरावाच्या विरोधात नाही. जहाजे चांगली असतील आणि काम मानाचे आहे. माझे म्हणणे इतकेच, की जागेमागे दोन माणसे आणि करारात उतरायची तारीख असल्याशिवाय एकही नाव पाठवू नये. आपल्या बाजूने एक नोंदवही सुरू करू: कोण कधी चढला, कधी उतरायचा होता, कधी उतरला. ती कोण ठेवील, कुठे ठेवील, ते कार्यकारिणी बघेल. नौदल मुख्यालयाला एक निवेदनही द्यायचे आहे, त्याचा मसुदा सवडीने करू.

ठराव तीनवर दुपारी मतदान आहे. उपसूचना आणायची असेल त्याने जेवणाच्या सुटीत मला भेटावे. तारखेचे कलम त्यात नसेल, तर अध्यक्ष म्हणून मी हा ठराव मतालाच टाकणार नाही. आपल्या संघटनेच्या घटनेत तसा अधिकार आहे की नाही, ते सचिवांनी तोवर पाहून ठेवावे.