ज्वारीच्या पानावरचे मेण

थंडीच्या दिवसांत मंगळवेढ्याकडच्या ज्वारीच्या रानात जाऊन ताटावरून अंगठा फिरवा. बोटाला पांढरी भुकटी लागते. धूळ समजून आपण ती कपड्याला पुसतो. मीही पुसली आहे. पण ते मेण असते आणि ज्वारी ते स्वतःच तयार करते. ताटाला वेढणाऱ्या पानाच्या खालच्या भागावर ते दाट दिसते. आम्ही कवी मंडळी पानांना दव पाजत असतो; अशा मेणावरून थेंब घरंगळून जातो, हे आमच्या गावीही नसते.

पानावरची सूक्ष्म रंध्रे रात्री मिटली, तरी पानाच्या कातडीतून थोडी ओल जातच राहते. मेण ही गळती कमी करते. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. पुढे पावसाचा भरवसा नसतो. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवरच मालदांडीला दाणा भरायचा असतो. तिथे एवढीशी काटकसरही मोलाची.

आता गव्हाणीकडे या. गाय-म्हैस वैरण पचवते ती पोटातल्या जिवाणूंच्या जिवावर. जे मेण पाण्याला बाहेर जाऊ देत नाही, तेच या जिवाणूंना आत येऊ देत नाही. चावलेल्या, तुटलेल्या कडांतून आणि रंध्रांतूनच त्यांना वाट मिळते. जनावर तासन्‌तास रवंथ का करते, याचे एक कारण हेही आहे.

ज्वारीत बिनमेणाचे वाणही आढळतात. त्यांची पाने अधिक पचतात, असे अमेरिकेत 1972 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. मग तेच का पेरू नयेत? कारण ते पाणीही जास्त गमावतात. विहिरीच्या पाण्यावर हिरवा चारा घेणाऱ्याला हा सौदा परवडेल कदाचित. कोरडवाहू शेतकऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, असे मला वाटते. त्याचे ताट आधी उभे राहिले पाहिजे.

बरे, कडबा कमी पचतो त्याचा सगळा दोष मेणाच्या माथी मारणेही बरोबर नाही. ताट पिकते तसे आत लिग्निन नावाचे लाकडासारखे द्रव्य भरत जाते. तो अडसर अधिक मोठा. अख्खी पेंढी टाकली, तर जनावर पाने ओरबाडते आणि ताटे पायाखाली तुडवते. कुट्टी केली की वाया जाणे थांबते, जिवाणूंना शिरायला तुटलेल्या कडाही मिळतात. आणि मेण शेतात आपले काम करून मोकळे झालेले असते.