घरचा संगणक आणि दिंडी-दरवाजा

अहिल्यानगरहून पाथर्डीकडे जातांना करंजीचा घाट ओलांडला कीं पुढें तिसगांव लागतें. समजा, तेथील एका कापडदुकानदाराचे सारे हिशेब घरच्या संगणकावर आहेत, आणि ते पाहणारी त्याची कन्या पुण्यास नोकरीस आहे. जीएसटीच्या विवरणपत्रासाठीं तिनें दरमहा एस्. टी.नें गांव गांठावें, कीं पुण्यांतूनच तो संगणक उघडावा? दुसरा मार्ग सोयीचा खरा. परंतु ज्या वाटेनें कन्या आंत येईल, त्याच वाटेनें चोरहि येऊं शकतो.

जुन्या वाड्याचा मोठा दरवाजा बहुधा बंदच असे. येणेंजाणें चाले तें त्यांतील लहानशा दिंडीनें. घरांतील राउटर हा असाच दरवाजा होय. आंतून गेलेल्या मागणीचें उत्तर तो आंत घेतो. आपण होऊन आलेल्या परक्यास मात्र थारा देत नाहीं. दूरच्या माणसाला आंत घ्यावयाचें तर एक दिंडी उघडावी लागते. तिला पोर्ट म्हणतात, आणि प्रत्येक पोर्टास क्रमांक असतो.

येथेंच बहुतेकांची चूक होते. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा क्रमांक ३३८९. तो राउटरमधून सरळ संगणकाकडे वळविला कीं काम पांच मिनिटांत भागतें. पण इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारें ४२९ कोटी, आणि ते एकामागून एक ठोठावीत जाणारीं यंत्रें अहोरात्र चालू असतात. त्यांना तिसगांव दिसत नाहीं, मुंबईहि दिसत नाहीं. दिसतो तो केवळ आंकडा. मे २०१९ मध्यें याच सेवेंत असा दोष उघडकीस आला कीं, पासवर्ड ठाऊक नसतांहि आंत शिरतां यावें. तो इतका गंभीर होता कीं, मायक्रोसॉफ्टनें केव्हांच निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीसाठींहि दुरुस्ती दिली. क्रमांक बदलला कीं झालें, असें सांगणारे भेटतात. तें दाराचा रंग बदलण्यासारखें आहे.

दिंडी उघडावयाची, पण ती भुयाराची. या भुयारास व्हीपीएन म्हणतात. वायरगार्ड ही त्याची एक विनामूल्य प्रणाली. मार्च २०२० मध्यें ती लिनक्सच्या गाभ्यांतच दाखल झाली. कित्येक नव्या राउटरांत ती आयतीच मिळते. तींत प्रत्येक टोकाला दोन किल्ल्या असतात: एक गुप्त, जी त्या यंत्राबाहेर जाऊं द्यावयाची नाहीं, दुसरी उघड, जी पलीकडच्या टोकास द्यावयाची. ज्याची किल्ली नोंदलेली नाहीं, त्यानें कितीहि ठोठावलें तरी आंतून ‘कोण आहे?’ एवढाहि आवाज येत नाहीं. येथें दार आहे हेंच त्याला उमगत नाहीं. कन्येचा लॅपटॉप हरवला, तर घरच्या यादींतून तेवढी एक किल्ली खोडली कीं पुरे.

एक अडचण मात्र आधीं पाहावी. पुष्कळ कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. राउटरच्या पानावरील पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकीं एखाद्या आंकड्यानें सुरू होत असेल, तर तोच प्रकार समजावा. मग दिंडी उघडूनहि कोणी येऊं शकत नाहीं. कंपनीकडून स्वतंत्र स्थिर पत्ता मागावा, किंवा टेलस्केलसारखी सेवा वापरावी. ती आंतूनच बाहेर हात देते.

राउटरचा स्वतःचा पासवर्ड कारखान्यांतला तसाच ठेवणें हा तर शुद्ध आळस. २०१६ मध्यें मिराई नामक कृमीनें अशा साठेक ठराविक जोड्यांवर कॅमेरे नि राउटर लाखांनीं काबीज केले. यूपीएनपी ही सोय बंद असावी, नाहींतर घरांतील कोणतेंहि उपकरण न विचारतां दिंडी उघडतें. आणि फोनवर गोड बोलून एनीडेस्क घ्यावयास लावणाऱ्याला भुयाराची गरजच पडत नाहीं. रिझर्व्ह बँकेनें फेब्रुवारी २०१९ मध्यें त्याविषयीं सावध केलें होतें.

हिशेबांची एक प्रत एरव्हीं संगणकास न जोडलेल्या डिस्कवर असावी. वीज गेली तर राउटर इन्व्हर्टरवर असावा, आणि वीज येतांच संगणक आपोआप सुरू होईल अशी योजना करावी.

चाचणी घरच्या वाय-फायवरून घेऊं नये. मोबाईलला स्वतंत्र किल्ली देऊन, वाय-फाय बंद करून, त्याच्या डेटावरून घरचा संगणक उघडावा. मग भुयार बंद करून ३३८९ पुन्हां ठोठावून पाहावें. या खेपेस कांहींच उत्तर येतां कामा नये.