रात्रीच्या मुंबईचे अनामिक वादक

श्रोतेहो, रात्रीं उशिरापर्यंत चालणाऱ्या नृत्यगृहांचें नांव निघालें कीं आपल्या सुशिक्षित घरांतून कपाळास आठी पडते. तेथें मद्य असतें, उधळपट्टी असते. ती आठी सर्वस्वीं अकारण आहे असें मी म्हणणार नाहीं. परंतु आज मला तेथें नाचणाऱ्या पाहुण्यांविषयीं बोलावयाचें नसून, त्यांच्यासाठीं वाजविणाऱ्या मंडळींविषयीं बोलावयाचें आहे.

१९३५ सालीं अमेरिकेंतील कृष्णवर्णीय वादक लिऑन अ‍ॅबी आपला जाझचा ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आले. पुढें पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. जाझ हें बरेंचसें ऐनवेळच्या स्फूर्तीवर चालणारें संगीत. तें केवळ कागदावरून शिकतां येत नाहीं. गोमंतकांतून आलेल्या तरुणांनीं तें या पाहुण्यांच्या सहवासांत कानांनीं टिपून घेतलें. पोर्तुगीज अमलांतील गोव्यांत चर्चच्या शाळांतून मुलांस व्हायोलिन व पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवीत. ती शिदोरी त्यांच्यापाशीं होतीच. धोबीतलावाच्या ‘कुडां’त, म्हणजे आपापल्या गांवच्या सामाईक बिऱ्हाडांत, पथारी टाकावयाची आणि रात्रीं कोट चढवून श्रीमंतांपुढें वाजवावयाचें, असा कित्येकांचा क्रम होता. हळदोण्याचे ट्रंपेटवादक आंतोनियु झेवियर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नांवानें प्रसिद्धीस आले आणि ताजमध्यें त्यांनीं स्वतःचा ताफा चालविला.

१९४७ सालीं इंग्रज अंमल संपला. १९४९ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत दारूबंदी आली. नृत्यगृहांची मिळकत आटूं लागली, तसे हे वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदांकडे अधिकाधिक वळले. संगीतदिग्दर्शकानें चाल गुणगुणावी, आणि यांनीं ती स्वरलिपींत उतरवून व्हायोलिनें कोठें व ट्रंपेट कोठें, हें ठरवावें. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांस १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटांत चिक चॉकलेट यांचें साहाय्य झालें. ज्या घरांनीं नृत्यगृहाकडे पाठ फिरविली, त्याच घरांत त्याचा ठेका ध्वनिमुद्रिकेवाटे शिरला आणि मुलेंबाळें ताल धरूं लागलीं! मुद्रिकेवर नांव मात्र दिग्दर्शकाचें व गायकाचें.

१९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मुळें ‘अँथनी गोन्साल्विस’ हें नांव एका विनोदी पात्राचें म्हणून घरोघर पोंचलें. वस्तुतः तें माजोर्ड्याच्या एका थोर व्हायोलिनवादकाचें. संगीतकार प्यारेलाल यांचे ते गुरु. शिष्यानें वाहिलेली ती गुरुदक्षिणाच होय. परंतु असा शिष्य प्रत्येकास लाभत नाहीं.

म्हणून, श्रोतेहो, त्या काळचें एखादें गाणें लागलें म्हणजे दोन कडव्यांमधील वाद्यें क्षणभर लक्षपूर्वक ऐकावीं. ज्यांचीं नांवें आपण कधीं विचारलीं नाहींत, त्यांचें तेवढें ऋण तरी मान्य करावें.