ओटीपी कुणाच्या खिशात?

(बचत गटांच्या शिबिरात केलेले भाषण)



मघाशी मी विचारले, आधारला जोडलेला मोबाईल नंबर कुणाकुणाचा स्वतःचा आहे? निम्मेसुद्धा हात वर आले नाहीत. बाकीच्या म्हणाल्या, ‘ह्यांचा आहे’, ‘मुलाचा आहे’.

२०१० साली देशातले पहिले आधार नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले, तेही एका बाईला. नवऱ्याच्या रेशनकार्डावरची एक ओळ, एवढीच जिची ओळख होती तिला स्वतःचा नंबर मिळाला. हे मी कमी लेखत नाही. पण कुलूप तिचे आणि किल्ली दुसऱ्याकडे, अशी गत झाली.

आमच्याकडे एक बाई आली. मारहाणीला कंटाळून माहेरी परतलेली. नवे खाते काढायला गेली तर ओटीपी नवऱ्याच्या फोनवर. त्याने तो सांगितला नाहीच, वर ही काहीतरी कागदपत्रे करते आहे हे त्याला बसल्याजागी कळले.

मग मार्ग कुठला धरायचा? अंगठा लावला तर नवऱ्याचा फोन लागत नाही. पण भांडी घासून, निंदणी करून झिजलेली बोटे यंत्राला ओळखू येत नाहीत, हे रेशनच्या रांगेत आपण भोगलेच आहे. शिवाय अंगठ्यावर खात्यातून पैसेही निघतात, म्हणून तो ‘लॉक’ करण्याची सोय आहे. खोली भाड्याने घेताना पूर्ण नंबर द्यायची गरज नाही; शेवटचे चारच आकडे दिसणारे आधार काढता येते. आधारऐवजी सोळा आकडी आभासी नंबर देता येतो, तो बदलताही येतो. सगळ्या सोयी चांगल्या. पण घरबसल्या त्या मिळवायच्या तर आधी ओटीपी हवा! म्हणजे फिरून तिथेच.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: आधी नंबर आपला करा, बाकीची निवड नंतर. आधार केंद्रावर स्वतः जायचे, अंगठा द्यायचा, शुल्क भरायचे. जुना नंबर लागत नाही. नवऱ्याची संमती तर नाहीच नाही. आणि सिमकार्डही आपल्याच नावावरचे घ्या. मुलाच्या नावावरचे असेल तर तो ते कधीही बंद करू शकतो.

सगळे मात्र आपल्या हातात नाही. २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीसाठी पती किंवा वडिलांचे आधार मागितले गेले. पैसे बाईच्या खात्यात, पण ओटीपी नवऱ्याचा! ओरड झाल्यावर विधवा आणि घटस्फोटितांना कागदपत्रे देण्याची मुभा मिळाली. पण जिला नुसतेच टाकून दिले आहे, कोर्टाची पायरीही चढलेली नाही, ती कुठला कागद आणणार? अशा किती जणी आपल्या गटांत आहेत, त्यांची नावे आज जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे द्या. तहसीलदारांकडे निवेदन घेऊन जायचे आहे.

आणि गुरुवारी केंद्रावर जायला कोण कोण तयार आहे? आता हात वर करा.